उभी पात

ब्रेक हा शब्द आता गावातल्या म्हाताऱ्यांनाही कळतो. पूर्वी पोरगं पुण्याहून आलं की लोक विचारायचे, "सुट्टीवर आलास का?" आता विचारतात, "ब्रेकवर व्हय?" आणि पोरगं नुसती मान हलवतं. कंपनीत सात-आठ महिने झाले की पोराला घरी पाठवतात. सलग राहिला तर उद्या कायम करा म्हणून मागं लागेल. मग गावात येऊन फोन वाजायची वाट बघत बसायचं. तो वाजला की त्याच नाहीतर दुसऱ्या कुठल्या फाटकातून, नव्या गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या नावानं पुन्हा आत शिरायचं.

अमरसिंह असाच भादव्यात घरी आला. येरमाळ्याच्या फाट्यावर उतरला, टमटममध्ये बसला आणि पाठीवरची बॅग मांडीवर घेऊन गावात आला. आयटीआय करून त्याला आता बरीच वर्षं झाली होती. चाकणला गाड्यांच्या सीटा बसवायचं काम तो करायचा. पट्ट्यावरून सीट समोर आली की बोल्ट आवळायचे, सीट पुढं जाते, दुसरी येते. पूर्ण गाडी कशी दिसते ते त्यानं फक्त रस्त्यावर पाहिलं होतं.

सिताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आता किती दिसाचा?"

"बोलवतील तवा, माय. पण ह्या बारीला येगळं हाय. सुपरवायझर म्हनलाय, पुढच्या बॅचला तीन वर्सांचं काम निघायलंय. माझं नाव धरून ठिवलंय त्यानं. फोन आला की जायचं, बास."

"तीन वर्सं?" ओसरीवर बसलेल्या बब्रुवाननं विचारलं. अमरसिंहाच्या बापाला दमा होता. तो बोलायच्या आधी श्वास गोळा करायचा. "तीन वर्सं ब्रेक न्हाय?"

"न्हाय."

बब्रुवाननं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली. गेल्या वर्षी शेजारच्या वाशीकडची माणसं अमरसिंहाला बघायला आली होती. चहा झाला, चिवडा झाला. मुलीच्या मामानं बशी खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, "कंपनीत म्हंजी पर्मनंट का गुत्त्यात?" आणि सिताबाईनं आतूनच उत्तर दिलं होतं, "व्हईल की." मामानं हातात उरलेला चिवडा परत बशीत टाकला. ती माणसं पुन्हा आली नाहीत. तीन वर्षांचं काम म्हणजे त्या मामाला द्यायचं उत्तर होतं.

पण फोन येईपर्यंत सोयाबीन आलं.

त्या वर्षी पावसानं उघडीप दिली ती उशिरा. रानं काळी, चिकट, पाय टाकला की गुडघ्याला ओढ. वरून मात्र पीक वाळलं होतं, पानं झडून नुसत्या शेंगा उभ्या. उन्हात कान दिला तर तट तट आवाज यायचा. शेंग तडकली की दाणा मातीत. कापणीचं मोठं यंत्र गावात आलं होतं, पण ते सडकेवरच उभं राहिलं. ओल्या रानात घातलं असतं तर चाकं रुतली असती. कापणाऱ्या टोळ्या दूरच्या गावांना गुत्तं घेऊन बसल्या होत्या. दोन एकराच्या तुकड्यासाठी कोण वळून येतंय?

"पूर्वी आसं न्हवतं व्हत," सिताबाई चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली. "वारंगुळा व्हता."

अमरसिंहाला आठवलं. तो चौथीत का पाचवीत असेल. ज्वारीची काढणी. पाच घरं मिळून एकाच्या रानात उतरायची. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मजुरीचा विषय नाही. अंगाला अंग फेडायचं. ज्याचं रान त्याचं जेवण. सिताबाईच्या हातची येसर आमटी मोठ्या पातेल्यात उकळायची आणि तिचा वास ओढ्यापर्यंत जायचा. माणसं एका ओळीत बसायची, प्रत्येकाची आपापली पात, म्हणजे कापत न्यायचा पट्टा. ओळ एका लयीत पुढं सरकायची. कुणी मागं पडलं की शेजारचा टोमणा मारायचा, कुणी पुढं पळालं की त्याला म्हणायचे, "सासरवाडी लागली काय रं?" बांधाकडेची एक अरुंद पात पोरांची. द्वारकाबाई पोरांजवळ बसायची. ती गल्लीतली सगळ्यांची आत्या. पोराच्या हातावर आपला हात ठेवून ती इळा फिरवायची. "ओढायचा न्हाय, बाळा. फिरवायचा. ज्वारीला कळलं बी न्हाय पायजे." चुकलं तर रागवायची नाही. तोच हात पुन्हा धरायची, पुन्हा फिरवायची. दिवस मावळताना पोरांनी आधी वेडीवाकडी, मग नीट कापलेल्या पातीकडे बघून म्हणायची, "हे बघा, हितनं हितवर गाव झोपलं व्हतं, अन् हितनं पुढं जागं झालं." पोरं खिदळायची.

ती पाच घरं अजून तिथंच होती. पण त्यातली पोरं पुण्याला गेली, आणि वारंगुळा कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमरसिंह मारुतीच्या पारावर गेला. पारावर नेहमीची पोरं होती. महारुद्र पुण्यात घरोघर जेवण पोचवायचा. गाडीवरून पडून पाय मोडला, महिनाभर झोपून राहिला, आणि उठून बघतो तर फोनमधलं त्याचं खातंच बंद. विचारायचं कुणाला, तर तिथं माणूसच नाही. ईरण्णा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सडकेनं धावायचा. तीन भरत्या त्यानं धावून काढल्या होत्या. समोरच्या ओट्यावर द्वारकाबाईची नात शिवकन्या तांदूळ निवडत बसली होती. ती लातूरला दवाखान्यात कामाला होती. एजन्सी बदलली, नव्या एजन्सीनं आपल्या पोरी आणल्या, आणि शिवकन्या दोन पिशव्या घेऊन आजीकडं आली.

"वारंगुळा करायचा का?" अमरसिंह म्हणाला.

"पगार?" महारुद्रनं फोनमधून डोकं वर न काढता विचारलं.

"एक अंग."

"पीएफ कापता का?"

"घाम कापतो."

ईरण्णा हसला. "चला की. आसंबी मी पळूनच आलोय. मांड्या गरम हायेत."

"मलाबी धरा," शिवकन्या ओट्यावरनं म्हणाली. "आमच्या रानाला गडीमाणूस कुठाय?"

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो द्वारकाबाईला. तिचे डोळे आता अधू झाले होते, पण तिनं पोरांना समोर बसवून क्रम लावून दिला. आधी जिथं गडीमाणूस नाही ते घर, म्हणजे तिचं स्वतःचं. "माझं आधी म्हनून म्या म्हनत न्हाय, रीतच हाय," ती म्हणाली आणि लाजली. मग ज्याचं पीक आधी तडकायलंय त्याचं, म्हणजे अमरसिंहाचं. मग महारुद्रचं. ईरण्णाचं रान ओढ्याकाठी, तिथं अजून पाणी मुरलेलं नव्हतं, ते शेवटी.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे हात सोलून निघाले. वाळल्या शेंगांची टोकं बोटांत घुसायची. शिवकन्यानं जुने मोजे आणले, टोकं कापून हातात चढवले, तर महारुद्र म्हणाला, "सिस्टर, इंजेक्शन द्यायला आलात का?" कापलेल्या बुडख्यांची खुटं चपलेतून टोचायची. उकिडवं बसून बसून कंबर दगडासारखी झाली. चाकणला अमरसिंह दिवसभर उभा असायचा. इथं बसून सरकायचं. तो मागं राहायला लागला. द्वारकाबाई बांधावर बसली होती. तिला फार दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळत होतं.

"अमर, तू ओढायलास," ती म्हणाली.

"कशावरनं, आत्या?"

"शेंगा वरडायल्यात. फिरव."

त्यानं फिरवला. शेजारून ईरण्णा म्हणाला, "चाकणच्या मशीनला तेल घाला कुणी तरी." सगळे हसले, अमरसिंहही हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं की असं हसून कितीतरी दिवस झाले. कंपनीत बोलायला वेळ नसतो. शेजारच्या जागेवर उभ्या असलेल्या पोराचं नाव कळेपर्यंत त्याचा ब्रेक आलेला असतो.

दुपारी बांधावर जेवणं झाली. धपाटे, दही, शेंगाची चटणी. द्वारकाबाईनं प्रत्येकाच्या हाताला तेल लावलं. तिचा हात पोरांच्या लहानपणी होता तसाच खरखरीत होता.

पुढचं रान अमरसिंहाचं. ते संपायला लागलं त्या दिवशी सिताबाईनं येसर आमटी केली. बब्रुवान काठी टेकत बांधापर्यंत आला. धुराळा सोसत नव्हता म्हणून तोंडाला उपरणं बांधलं होतं, पण घरी त्याला राहवेना. ऊन कलायच्या आत कापलेल्या पिकाचा शेवटचा कवळ गंजीवर पडला. त्यांनी वरून मेनकापड ओढलं, कडेनं दगड ठेवले. घरचं वर्षाचं सारं मेनकापडाखाली सुरक्षित आलं होतं.

"उद्या माझ्याकडं," महारुद्र जाताना म्हणाला. "माय मटकीची उसळ करतीया. उजाडताच या."

"आलो," अमरसिंह म्हणाला.

तो घरी हातपाय धूत होता तेव्हा फोन आला. सुपरवायझरचा होता. "उद्या दुपारच्या पाळीला गेटवर पाहिजेस. उद्या नाही आलास तर दुसरा उभा करतो."

अमरसिंहानं फोन खिशात ठेवला आणि बाहेर कुणाला काही बोलला नाही. ही चाकणची सवय होती. पहिल्या वर्षी त्यानं असाच आलेला फोन खोलीतल्या जोडीदाराला मोकळेपणानं सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तो गेटवर पोचला तेव्हा जोडीदार आधीच आत गेलेला होता. तेव्हापासून तो शिकला होता की कामाची खबर पोटात ठेवायची. आत जाऊन जागेवर उभं राहिल्यावर मग सांगायचं.

जेवताना त्यानं आईला सांगितलं.

"आन महारुद्राचं रान?" सिताबाईचा घास हातातच राहिला.

"पल्याडच्या वस्तीवरल्या दगडोबाला सांगतो. रोजावर जाईल तो माझ्या जागी. कंपनीत बदली चालती, माय. एक न्हाय आला तर दुसरा उभा ऱ्हातो."

"वारंगुळ्यात रोजदार कसा चालंल? घरचं अंग पायजे. म्या गेले असते, पण हा हात बघ." तिचा उजवा अंगठा इळ्यानं कापला होता, चिंधी बांधलेली होती. "तू महारुद्राला सांगून तर जा."

"कळंल त्याला."

"कळंल न्हवं. सांगून जा, बाबा."

अमरसिंह म्हणाला, बघतो. पण महारुद्रही बेकार होता. त्याला सांगायचं म्हणजे, तुझ्या रानाच्या दिवशीच मी कामाला चाललो, असं तोंडावर सांगायचं. आणि तो म्हणाला, मलाबी चिकटव की, तर? अमरसिंहाचे पाय महारुद्रच्या गल्लीकडे वळलेच नाहीत. दगडोबाला रोज देऊन, अजून झुंजूमुंजू असतानाच तो बॅग घेऊन फाट्याला गेला.

चाकणला या खेपेस खरंच वेगळं होतं. पहिल्याच दिवशी त्याला जागा मिळाली. महिनाभर काम बघू, मग तीन वर्षांच्या कागदावर सही, असं सुपरवायझर म्हणाला. अमरसिंह बोल्ट आवळू लागला. हातावरचे सोयाबीनचे ओरखडे मशीनच्या तेलानं चुरचुरायचे. शेजारी नांदेडकडचा एक पोरगा होता. त्यानं विचारलं, "मांजर होतं का घरी?" अमरसिंह म्हणाला, "सोयाबीन." तो पोरगाही हसला. "आमच्याकडंबी हेच मांजर."

आठवडा झाला नसेल. जेवणाच्या सुट्टीत शिवकन्याचा फोन आला.

"कसा हायेस?"

"बरा हाय. रान झालं का महारुद्राचं?"

"झालं." ती म्हणाली. "तुझी पात सोडून."

"म्हंजी? दगडोबा न्हाय आला?"

"आलता. महारुद्रानं त्याला च्या पाजला, पाया पडला आन परत धाडलं. आमी आमच्या पाती कापल्या. तुझी मधी उभीच हाय."

"आगं मग कापा की. तडकंल ती."

"तडकायलीच हाय. पाखरं बसायलीत."

"महारुद्र चिडलाय का?"

"चिडला आसता तर कापली आसती त्यानं," शिवकन्या म्हणाली. "आजी म्हनती, न सांगता गेलेल्याची पात दुसऱ्यानं कापू नये. कापली की त्याची जागा मिटली. मग पुढल्या वर्सी त्याला कोन्त्या तोंडानं बोलवायचं आन त्यानं कोन्त्या तोंडानं यायचं? उभी ठिवली तर येऊन कापता येती. नुसकान व्हतं त्ये रानवाल्यानं सोसायचं."

अमरसिंहानं फोन कानाशी दाबून धरला. कँटीनमध्ये ताटांचा खणखणाट चालला होता.

"म्या त्यासाठी फोन न्हाय केला," शिवकन्या म्हणाली. "काका कालपासून तुझ्या पातीला बसलेत."

"कोन काका?"

"तुझे आबा. घरचं अंग हाय म्हनले. त्यांना न्हाय कसं म्हनायचं? हातभर कापतेत आन बसतेत. पंप वडतेत. परत हातभर. आमाला हात लावू देईनात. महारुद्र दिवसभर बाजूला बसून ऱ्हातो, पानी देतो. त्याला घरी जाववंना आन मदत करवंना. काल लई धाप लागली व्हती काकांना. मला दवाखान्यातलं थोडं कळतं, अमर. ह्या धुळीत त्यांनी बसू नये."

त्यानं लगेच घरी फोन लावला. सिताबाईनं उचलला. "ऐकत न्हाईत रं कुनाचं," ती म्हणाली. "म्हनतेत, पोरगं लागलंय कामाला तर त्याला हलवू नका. म्या फेडतो."

दुसऱ्या दिवशी बुधवार. गुरुवारी चाकणला सुट्टी असते. अमरसिंहानं हिशेब केला की बुधवारी पाळी सुटली की निघायचं, गुरुवारी पात कापायची, आणि शुक्रवारी परत यायचं. कुणाला कळणारही नाही. पण पाळी सुटायच्या आधी सुपरवायझर पट्ट्याजवळ आला आणि मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "माल अडकलाय. उद्याची सुट्टी रद्द. नव्या पोरांनी तर यायचंच. जो येणार नाही त्याच्या जागी परवा दुसरा असेल."

अमरसिंह त्याच्या मागं गेला. "साहेब, वडील आजारी आहेत. एकच दिवस."

"दवाखान्यात आहेत?"

अमरसिंहाला खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यासमोर बाप उकिडवा बसलेला होता, तोंडाला उपरणं बांधून. "नाही. शेतात आहेत," तो म्हणाला.

सुपरवायझरनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. तोही गुत्तेदाराचाच नोकर, त्याच्याही गळ्यातल्या ओळखपत्रावर तारीख छापलेली होती. "मग शेतातल्या माणसाला काय झालंय? हे बघ, तीन वर्षांचं आहे. मी तुझं नाव धरून ठेवलं होतं. माझ्या तोंडात मारू नको."

अमरसिंह खोलीवर आला. पलंगावर बसला. मामाची चिवड्याची बशी त्याला दिसली, बापानं मांडीवर ठेवलेली टोपी दिसली. ज्या कामासाठी बापानं इळा हातात घेतला होता, तेच काम सोडून बापाकडं जायचं होतं. हे गणित कुठूनही सुटत नव्हतं. शेवटी त्यानं विचार करायचा सोडला आणि बॅग भरली.

सकाळी तो फाट्यावर उतरला. टमटमची वाट न बघता चालत निघाला. या आठवड्यातली त्याची सकाळची पाळी सुरू होऊन जेमतेम घटकाभर झाली असेल. खिशातला फोन थरथरला. पाळीच्या ग्रुपमधून त्याला काढून टाकलं होतं. तो क्षणभर थांबला, स्क्रीनकडे बघितलं, आणि पुढं चालू लागला.

वळणावरून महारुद्रचं रान दिसलं. सगळं रान कापून मोकळं झालेलं, काळ्या मातीवर नुसती खुटं. आणि बरोबर मधून, या बांधापासून त्या बांधाच्या दिशेनं, एक पिवळसर पट्टा उभा. पोराच्या डोक्यावर न्हाव्यानं केसांचा पट्टा विसरून राहू द्यावा तसा. पाखरांचा थवा त्यावरून उठत होता आणि पुन्हा बसत होता. पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला पांढरं उपरणं हलत होतं.

बब्रुवानची पाठ त्याच्याकडं होती. इळा फिरत होता, पण दोन-तीन बुडखे झाले की थांबत होता. छाती शिट्टीसारखी वाजत होती. बाजूला महारुद्र मांडी घालून बसला होता, पुढ्यात तांब्या. तो अमरसिंहाला बघून उठला नाही.

"आबा, इळा द्या."

बब्रुवाननं मागं न बघताच आवाज ओळखला. श्वास गोळा केला. "कशाला आलास? माझं चाललंय हळूहळू."

"द्या हिकडं."

"आज सुट्टी हाय व्हय?"

"न्हाय. कामाला बोलावलं व्हतं."

"मग?"

"मग हितं आलोय."

बब्रुवान वळला. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर कुसळांची धूळ बसली होती. त्यानं पोराकडे बघितलं. रागावेल असं वाटलं, पण त्यानं इळा उलटा करून मुठीकडून पुढं केला. "धार बोथट झालीया. म्या काल लावली व्हती, पर हाताला जोर न्हाय."

महारुद्रनं बब्रुवानला हाताला धरून बांधावर नेलं. अमरसिंह खाली बसला. पहिलाच बुडखा धरला तर शेंगा हातातच तडकल्या. दाणे टपटप मातीच्या भेगांत गेले. त्यानं हात आखडता घेतला, मुठीत हळू धरलं, इळा फिरवला. तरी सांडतच होते. महारुद्रच्या घरचे दाणे, त्याच्या डोळ्यांदेखत.

महारुद्र परत येऊन बाजूला बसला.

"तुला सांगून जायला पायजे व्हतं," अमरसिंह मान खाली घालून म्हणाला.

"व्हय."

"लाज वाटली. आन भ्या बी वाटलं."

"कशाचं? तुझी जागा म्या पळविन म्हनून?"

अमरसिंहानं पुढचा बुडखा धरला. इळ्याचा करकर आवाज येत राहिला.

"पळवली बी आसती," महारुद्र म्हणाला. "पुण्यात. हितं न्हाय." त्यानं मातीतला एक दाणा उचलून फुंकला आणि तोंडात टाकला. "सांगितलं आसतंस तर म्या सोडलं आसतं तुला. रानवाल्यानं सोडलं की पात कापता येती दुसऱ्याला. मायची उसळ बी खाऊन गेला आसतास. येवढंच व्हतं, अमऱ्या."

"म्हाईत न्हवतं मला."

"मला तरी कुठं व्हतं? तू गेल्यावर आत्यानं सांगितलं."

दोघंही हसले नाहीत, पण महारुद्रनं तांब्या त्याच्याकडं सरकवला.

ऊन चढलं. ईरण्णा आला, शिवकन्या आजीचा हात धरून आली. कुणी इळा आणला नव्हता. ते बांधावर बब्रुवानजवळ बसले. शिवकन्यानं त्याच्या पाठीला हात लावून श्वास बघितला, ओलं फडकं तोंडाला बांधलं. द्वारकाबाई कान देऊन ऐकत होती. मग बब्रुवानला हळूच म्हणाली, "फिरवायला लागलाय की."

"शिकवलंय कुनी," बब्रुवान म्हणाला. त्याला बोलायचा हुरूप आला होता. तो पोरांना सांगू लागला, की याच रानात, महारुद्रच्या आज्याच्या वेळी, ज्वारी माणसापेक्षा उंच असायची, आणि ओळीतला शेजारी दिसायचा नाही. नुसता आवाज यायचा. मग माणसं एकमेकांना हाका देत कापायची, जो हाकेला ओ देणार नाही त्याच्याकडं पाण्याचा तांब्या जायचा, म्हणजे थकला असेल तर बसेल. "कोन किती कापतो ते कुनी बघत न्हवतं," तो म्हणाला. "ओ देतो का न्हाय, येवढंच." पोरं ऐकत राहिली. ईरण्णाचा फोन वाजला तर त्यानं तो न बघताच उलटा ठेवला.

अमरसिंह सरकत होता. मांड्या भरून आल्या, हाताच्या जुन्या ओरखड्यांवर नवे उठले. मागं पसरलेले कवळ, पुढं उभा पट्टा, आणि तो हळूहळू आखूड होत चालला. त्याला चाकणचा पट्टा आठवला, आत्ता तिथं कुणीतरी बोल्ट आवळत असेल. कदाचित ते पोरगं परभणीचं असेल, नाहीतर बिहारचं. त्याच्याबद्दल अमरसिंहाला राग आला नाही. त्याच्याही घरी कुठलं तरी पीक उभं असेल.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तो पलीकडच्या बांधाला टेकला. शेवटचा बुडखा कापून उठायला गेला तर उठवेना. ईरण्णानं येऊन काखेत हात घालून उभं केलं. मग सगळ्यांनी मिळून कवळ उचलले. उचलायला मनाई नव्हती. शिवकन्या ओच्यात सांडलेले दाणे वेचत मागून येत राहिली. बरेच मातीत गेले होते, ते तिथंच राहिले.

गंजीवर मेनकापड ओढून झाल्यावर बब्रुवाननं विचारलं, "आन कंपनीचं?"

"ते गेलं, आबा."

"तीन वर्सांचं?"

"व्हय."

बब्रुवाननं टोपी काढली, धूळ झटकली. बराच वेळ झटकत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या मायला म्या सांगतो. तू नगो सांगू."

ईरण्णानं मेनकापडाच्या कडेला शेवटचा दगड ठेवला. मग महारुद्रनं आपल्या रानाकडं एकदा नजर फिरवली. ते आता सगळं सारखं, मोकळं दिसत होतं.

"उद्या ईरण्णाकडं," तो म्हणाला. "ओढ्याच्या बाजूची पात अमऱ्याला. तिथं चिखल हाय गुडघ्याएवढा."

"जळवा बी हायेत," ईरण्णा म्हणाला.

"सिस्टर हाय की काढायला," महारुद्र म्हणाला, आणि शिवकन्यानं त्याला ढेकूळ मारलं.

अमरसिंहानं इळा गवतावर पुसला, बोटानं धार बघितली. "कितीला यायचं?" त्यानं विचारलं.

"कितीला काय," द्वारकाबाई नातीचा हात धरून उठता उठता म्हणाली, "उजाडलं की ये."